न तपासता मारलेला शिक्का

प्रत्येक कचेरीत एक तरी माणूस असा असतो, की त्याला विचारल्याशिवाय कोणी काही घेत नाही. कुणाला घरांमधलं कळतं, कुणाला डॉक्टरांमधलं, कुणाला मुलांच्या शाळांमधलं. वजनमापं तपासणाऱ्या एका कचेरीत गाड्यांमधलं कळणारे जे गृहस्थ होते, त्यांना लहानथोर सगळे उस्ताद म्हणत. जुनी मोटरसायकल घ्यायची म्हटली, की उस्तादांना बरोबर नेल्याशिवाय कोणाचं पाऊल उचलत नसे.

ही उस्तादकी त्यांच्याकडे कशी आली, ते ऐकण्यासारखं आहे. अठरा वर्षांपूर्वी कचेरीच्या दारात साहेबांची मोटरसायकल बंद पडली. शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांनी किका मारून घाम गाळला. उस्ताद तेव्हा नवे होते. बुटाची नाडी बांधायला ते खाली वाकले, तर पेट्रोलचा कॉक बंद दिसला. त्यांनी तो उघडला, एक किक मारली आणि गाडी सुरू झाली. साहेबांनी विचारलं, "काय झालं होतं?" उस्ताद म्हणाले, "काही नाही साहेब, किरकोळ होतं." झालं. एवढ्याशा भांडवलावर माणूस अठरा वर्षं उस्ताद राहू शकतो, हे तुम्हाला खोटं वाटेल. पण जरा आजूबाजूला बघा, आणि जमलं तर आरशातही बघा.

पुढे उस्तादांनी गाडी बघायची एक पद्धत बसवली. गाडीभोवती एक फेरी मारायची. टायर अंगठ्याने दाबायचा. खाली बसून इंजिनाकडे जरा वेळ टक लावायची. गाडी सुरू झाली की डोळे मिटून आवाज ऐकायचा, आणि शेवटी "हं" म्हणायचं. त्या "हं"चा अर्थ ज्याने त्याने आपापल्या इच्छेप्रमाणे लावावा. गाडी चांगली निघाली तर उस्तादांची नजर, वाईट निघाली तर घेणाऱ्याचं नशीब. आपल्याला आतलं फारसं कळत नाही, हे उस्तादांना मनातून माहीत होतं. पण अठरा वर्षं अंगावर असलेला कोट एकाएकी उतरवून ठेवायचा तरी कसा?

आणि गंमत म्हणजे हाच माणूस स्वतःच्या कामात काटेकोर होता. त्यांच्याकडे मखमलीच्या खाचांत बसवलेल्या प्रमाण वजनांची पेटी होती. हाताचा घाम लागू नये म्हणून ती वजनं ते चिमट्याने उचलत. एखादा दुकानदार काकुळतीला येई, "साहेब, गेल्या वर्षीचंच वजन आहे हो, मारा की शिक्का." उस्तादांचं उत्तर ठरलेलं, "तपासल्याशिवाय शिक्का नाही." लबाड माणसं वजनाच्या पोटातलं शिसं कोरून काढत, तिथे लांबी, म्हणजे पुट्टीचा लगदा, भरत आणि वरून रंग फासत. डोळ्याला काही दिसत नसे. पण उस्तादांचा अंगठा त्या रंगावरून फिरला की जागेवर थांबे. अंगठ्याला भरलेली जागा बरोबर कळायची.

उस्तादांची थोरली बहीण त्याच शहरात राहायची. नवरा लवकर गेला, मुलीला तिने एकटीने वाढवलं. ती मुलगी, म्हणजे उस्तादांची भाची, परिचारिका झाली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात तिला नोकरी लागली. उमेदवारीचे सहा महिने नीट पार पडले की कायम होणार होती. अडचण एकच. सकाळची पाळी साडेसहाला सुरू व्हायची आणि तिकडे जाणारी पहिली बस पावणेसातला निघायची. मैत्रिणीच्या मोटरसायकलवर ती चालवायला शिकली होती. आता स्वतःची हवी होती, जुनी का असेना.

ताईचा जीव धजत नव्हता. शेवटी ती भावाला म्हणाली, "हे बघ, तू स्वतः बघून घेणार असशील तरच मी हो म्हणेन. मला यातलं ओ की ठो कळत नाही. माझा भरवसा तुझ्यावर."

"ताई, तू निश्चिंत राहा," उस्ताद म्हणाले.

ज्या घरी गाडी बघायला जायचं होतं, तिथे भाची मामाच्या आधीच येऊन फाटकाशी उभी होती. हातात एक कागद होता. रुग्णाचा ताप लिहायच्या कोऱ्या तक्त्याच्या पाठीवर तिने अकरा प्रश्न लिहून आणले होते. दवाखान्यात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला विचारून विचारून तिने ते जमवले होते. नवखी होती, म्हणून विचारायची लाज नव्हती.

गाडी गडद लाल रंगाची, अंगणात धुऊनपुसून उभी केलेली. मालक जिभेवर साखर ठेवून बोलणारा. उस्तादांना बघताच म्हणाला, "तुम्ही आलात म्हणजे आम्हाला बोलायचं कामच उरलं नाही साहेब. जाणत्या माणसाला काय सांगायचं?"

भाचीने कागद उलगडला. "पहिला प्रश्न. आम्ही यायच्या आधी गाडी सुरू केली होती का? इंजिन गार असताना ती कशी सुरू होते ते बघायचं आहे."

मालक उस्तादांकडे बघून हसला. ते हसू उस्तादांना झोंबलं. आपण बरोबर असताना पोरीने शाळेसारखा कागद वाचावा, म्हणजे आपली किंमत ती काय राहिली?

"अगं, गाडी अशी कागदावर बघायची नसते," ते म्हणाले. "तो कागद ठेव खिशात. मी आहे ना."

भाचीचा चेहरा उतरला. तिने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

उस्तादांनी फेरी मारली, टायर दाबला, खाली बसले. बसताना त्यांची पोटरी इंजिनाला लागली आणि चटका बसला. गाडी तर अजून कोणी सुरूही केली नव्हती. उस्तादांनी पोटरी बाजूला घेतली. मग आधारासाठी त्यांनी हँडलखाली हात घातला. हँडल जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं, त्या मानेवरून त्यांचा अंगठा सहज फिरला आणि थांबला. रंगाखाली एक बारीक उंचवटा होता. हजारो वजनांवरून फिरलेला तो अंगठा. 'इथे काहीतरी भरलंय,' तो म्हणाला.

उस्तादांनी वर बघितलं. मालक त्यांच्याकडेच बघत होता.

एक प्रश्न पुरेसा होता. इथे काय झालंय? पण तो विचारायचा म्हणजे आपल्याला कळत नाही हे कबूल करायचं. मालक काहीतरी ठोकून देणार, आणि ते खरं की खोटं हे आपल्याला कळणार नाही. भाचीसमोर शोभा होणार. उस्तादांनी अंगठा मागे घेतला आणि रुमालाला पुसला. गाडी सुरू झाली. त्यांनी डोळे मिटले.

"हं," ते म्हणाले. "घे."

पंधरा दिवसांनी भाची त्यांच्या घरी आली. गाडीमुळे सकाळी पोचायची चिंता मिटली होती. पण चहा पिता पिता म्हणाली, "मामा, ब्रेक मारला ना, की गाडी डावीकडे ओढते रे. मोठ्या गाड्यांच्या मध्ये असले की भीती वाटते."

उस्तादांच्या अंगठ्याला तो उंचवटा पुन्हा जाणवला. कपाच्या कानाशी तो तसाच थबकला. अजूनही वेळ होती. पण माणूस एकदा गप्प बसला, की दुसऱ्यांदा बोलणं जास्त अवघड जातं. आता बोलायचं तर तेव्हा का बोललो नाही, तेही सांगावं लागतं.

"तुझा हात बसला नाही अजून," ते म्हणाले. "बसेल हळूहळू."

"मलाही तसंच वाटलं," भाची म्हणाली.

त्यानंतर आठवडाभराने, दवाखान्याच्या फाटकाशी, एक सायकलवाला मध्ये आला. भाचीने पुढचा ब्रेक दाबला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि ती रस्त्याच्या कडेच्या दगडावर पडली. सायकलवाला वाचला. हिचं डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. वॉर्डातलं काम बंद झालं, तिला नोंदीच्या खोलीत बसवलं आणि उमेदवारी तेवढी लांबली. ज्या दवाखान्यात ती इतरांना प्लास्टर घालायला मदत करायची, तिथेच तिला स्वतःला घालून घ्यावं लागलं. ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

उस्ताद भेटायला गेले. ताई बोलत होती, "मी पहिल्यापासून सांगत होते. हिला नाही झेपायचं."

"आई बरोबर म्हणते," भाची प्लास्टरकडे बघत म्हणाली. "गाडीचा काही दोष नाही. मामाने बघून घेतलेली. मलाच जमत नाही."

उस्तादांनी मान खाली घातली. दोघींना वाटलं, मामाला वाईट वाटलं. वाईट तर वाटतच होतं, पण त्याहून जास्त त्यांना स्वतःची किळस आली होती. पोरीचा हात मोडला होता आणि दोषही तिनेच आपल्या अंगावर घेतला होता. तो हात तिथल्या तिथे आपल्या हातात घ्यावा, पाया पडावं, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते म्हणाले, "फळं आणलीत. खा."

उस्ताद उठायला लागले तेव्हा भाचीने सांगितलं, "गाडी मी देऊन टाकतेय. आमच्या दवाखान्यात कपडे धुण्याच्या विभागात एक बाई आहे. तिलाही पहिलीच गाडी घ्यायची आहे. मुलीला शाळेत सोडून कामावर येते बिचारी. रविवारी न्यायला येईल. ती विचारत होती, काय काय बघू? मी म्हटलं, माझ्या मामाने तपासलेली आहे, डोळे मिटून घे."

रस्त्याने जाताना उस्तादांच्या कानात ते तीनच शब्द घुमत राहिले. डोळे मिटून घे.

रविवारला चार दिवस होते. दुसऱ्या दिवशी कचेरीत एक फळवाला तराजू घेऊन आला. म्हणाला, "तुमचा शिक्का दिसला ना साहेब, की गिऱ्हाईक काट्याकडे बघतच नाही." उस्तादांनी तो तराजू तीनदा तपासला. फळवाला कंटाळला. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून उस्ताद ताईकडे गेले, "रविवारच्या आधी जरा नीट करून आणतो," असं सांगून गाडी घेतली आणि हळूहळू चालवत एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आले. ओळखीच्या मिस्त्रीकडे जायची त्यांची छाती झाली नाही.

मिस्त्रीपुढे एक गिऱ्हाईक उभं होतं. मिस्त्रीने त्याच्या गाडीच्या वायरी जरा हलवून बघितल्या आणि सरळ सांगितलं, "हे मला येत नाही. या नव्या गाड्यांतलं विजेचं काम मी शिकलेलो नाही. मागच्या गल्लीत एक बाई करते, तिच्याकडे जा."

उस्तादांना वाटलं, आता गिऱ्हाईक तोंड वाकडं करणार. ते गिऱ्हाईक म्हणालं, "बरं झालं सांगितलंत. उगाच वेळ गेला असता." आणि मनापासून हात जोडून गेलं. ज्या वाक्याला उस्ताद अठरा वर्षं भीत आले होते, ते बोलून म्हातारा पुन्हा आपल्या पान्याकडे वळला होता. त्याचं काहीएक बिघडलं नव्हतं.

उस्तादांची गाडी बघायला मिस्त्रीने कुठलंही यंत्र आणलं नाही. सुताची एक लांब दोरी घेतली, मागच्या चाकाभोवती टाकली आणि तिची दोन्ही टोकं दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या पुढे ताणली. "हँडल सरळ धरा," तो म्हणाला. "आता बघा. दोन्हीकडे सारखी जागा पाहिजे."

उजवीकडे बोटभर जागा होती. डावीकडे दोरी चाकाला घासत होती.

मिस्त्रीने मग मानेखालचा रंग पटाशीने खरवडला. आधी रंग निघाला, मग लांबीची भुकटी, आणि खाली वेड्यावाकड्या वेल्डिंगचा वळ दिसला. "मोठी धडक झालेली आहे," तो म्हणाला. "मान तुटली होती. जोडताना वाकडी बसली. ब्रेक मारला की डावीकडे ओढत असणार. आणि हा जोड कधीतरी सुटणार. गाडी घेताना कोणी बघितली होती?"

उस्तादांनी दुसरीकडे बघितलं. "होता एक जाणकार," ते म्हणाले.

"जाणकार?" मिस्त्रीने हात पुसले. "मग विचारायला लाजला असेल. नवखा असता तर विचारलं असतं."

उस्तादांनी आजूबाजूला बघितलं. मग हळूच म्हणाले, "हे आतल्या आत नीट करता येईल का? कोणाला सांगायला नको. रविवारी गाडी दुसरीकडे जाणार आहे."

मिस्त्रीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "वेल्डिंगवर वेल्डिंग, वर लांबी आणि वर रंग. म्हणजे आधीच्या माणसाने केलं तेच. ते मी करणार नाही. हा सांगाडा मोडीतच काढायचा. तुम्ही कामाला कुठे?"

"वजनमापं तपासतो," उस्ताद म्हणाले. मग त्यांना राहवलं नाही. "तो जाणकार मीच. माझ्या अंगठ्याला तिथे लागलं होतं. तेव्हाच लागलं होतं. मी विचारलं नाही. माझ्या भाचीचं मनगट मोडलं."

मिस्त्री स्टूल ओढून बसला. त्याने आवाज चढवला नाही. "न तपासता शिक्का मारता का तुम्ही कचेरीत?"

"कधीच नाही."

"एखादा दोन रुपयांची भाजी कमी तोलेल, म्हणून इतकी काळजी. आणि इथे आख्खी पोर होती. साहेब, न कळणं हा काही गुन्हा नाही. मला निम्म्या गाड्यांतलं कळत नाही, तुम्ही आत्ताच ऐकलंत. पण आपल्याला कळतं असं लोक धरून चालले आणि आपण त्यांना तसं धरू दिलं, की ते लोक स्वतःचे डोळे बंद करतात. तिने काही विचारलं नव्हतं का तेव्हा?"

"अकरा प्रश्न लिहून आणले होते," उस्ताद म्हणाले. "मी कागद खिशात ठेवायला लावला."

मिस्त्री स्टूलवरून उठला. त्याने दोरी गुंडाळली आणि खिळ्याला टांगली. उस्तादांना वाटलं, त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी मिस्त्रीकडेच ठेवून उस्ताद आधी जुन्या मालकाकडे गेले. तो पूर्वीइतक्याच गोड आवाजात म्हणाला, "मी काही लपवलं का साहेब? तुम्हीच तर बघून घेतलीत." तो लबाड होता, यात शंका नाही. पण उस्ताद तसेच माघारी फिरले. लबाडाने खोट झाकली होती आणि यांनी तिच्यावर शिक्का मारला होता.

रविवारी ते ताईकडे पोचले, तेव्हा दवाखान्यातली ती बाई येऊन बसली होती. टेबलावर दोन हेल्मेट होती. एक मोठं आणि एक अगदी लहान, पिवळं, बाजूला बदकाचं चित्र चिकटवलेलं. बाई कौतुकाने सांगत होती, "गाडी यायच्या आधीच माझ्या मुलीने हेल्मेट घ्यायला लावलं. काल दिवसभर घरात घालूनच फिरत होती."

उस्तादांनी ते लहान हेल्मेट बघितलं आणि वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरले.

"गाडी तुम्हाला घ्यायची नाही," ते म्हणाले.

"का हो? कोणी जास्त देतंय का?"

"नाही. तिची मान तुटलेली आहे. जोडून रंग दिलाय. ती चालवण्यासारखी नाही." मग ते भाचीकडे वळले. तिच्याकडे बघणं त्यांना जड जात होतं, तरी त्यांनी बघितलं. "तुझा काही दोष नव्हता. तू नीट चालवत होतीस. गाडीच वाकडी होती. आणि ते मला माहीत होतं."

"मिस्त्रीने सांगितलं म्हणून?"

"नाही. घेतली त्या दिवशी. माझ्या अंगठ्याला लागलं होतं. इंजिनही तापलेलं होतं. त्याने आधीच सुरू करून ठेवलं होतं. तुझा पहिलाच प्रश्न बरोबर होता. मला गाड्यांमधलं काही कळत नाही, हे त्या माणसासमोर उघडं पडेल म्हणून मी विचारलं नाही."

ताईच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"आणि डावीकडे ओढते म्हणाले होते मी," भाची म्हणाली. "तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

भाचीचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. "हात काय, बरा होईल. पण इतके दिवस मी स्वतःला नालायक समजत होते, मामा. वॉर्डात परत गेले तरी इंजेक्शन द्यायला हात धजेल का, असं वाटायला लागलं होतं. तू समोर बसून ऐकत होतास."

ती उठून आत गेली. दार तिने आपटलं नाही, फक्त लावून घेतलं. उस्तादांना आयुष्यात कशाचीच इतकी लाज वाटली नव्हती.

सगळ्यात आधी ती कपडे धुणारी बाई उठली. तिने लहान हेल्मेट पोटाशी धरलं होतं. "आज बोललात हे बरं केलंत," ती म्हणाली. "पण दादा, आधी बोलायला पाहिजे होतं." तिचं दोन्ही म्हणणं खरं होतं.

ताई एवढंच म्हणाली, "मी तुझ्यावर भरवसा टाकला म्हणून मीही काही बघितलं नाही. तेही चुकलंच." तिने भावाला रागावून घालवलं नाही. त्याने उस्तादांना जास्तच मेल्यासारखं झालं.

गाडीची भरपाई उस्तादांनी केली. ती तर करायलाच हवी होती, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी गोष्ट सोमवारी कचेरीत घडली. हेडक्लार्क म्हणाला, "उस्ताद, मेव्हण्याला गाडी घ्यायची आहे, संध्याकाळी येता का?" उस्ताद उभे राहिले आणि म्हणाले, "मला गाड्यांमधलं काही कळत नाही." सगळे हसले. एकजण म्हणाला, "उस्तादांचा विनय बघा." मग त्यांनी पेट्रोलच्या कॉकची गोष्ट सांगितली, बुटाच्या नाडीसकट. हसू विरत गेलं. मग त्यांनी भाचीच्या मनगटाचंही सांगितलं. सांगून झाल्यावर ते खाली बसले आणि चिमट्याने वजनं उचलून पुसत राहिले. त्या दिवशी त्यांना कोणी उस्ताद म्हणून हाक मारली नाही. म्हणायचं काय, हे कोणाला सुचेना.

दोन महिने गेले. भाचीचं प्लास्टर निघालं, ती वॉर्डात परत गेली. मामाशी ती चकार शब्द बोलत नव्हती. मग एके दिवशी ताईचा निरोप आला. गुरुवारी संध्याकाळी एक गाडी बघायची आहे. तूही ये, असं ती म्हणतेय.

गुरुवारी उस्ताद वेळेच्या आधीच जाऊन उभे राहिले. भाची आली. कपडे धुणारी बाईही सोबत होती, पुढच्या आठवड्यात तिलाही गाडी बघायची होती, म्हणून शिकायला आलेली. भाचीने खिशातून तो कागद काढला. घड्यांवर तो आता फाटायला आला होता.

"तू वाच," ती म्हणाली. "मी बघते."

गाडीचे मालक एक निवृत्त मास्तर होते. ते उस्तादांकडे बघून म्हणाले, "साहेबांना बरंच कळत असेल गाड्यांतलं."

"नाही हो," उस्ताद म्हणाले. "काहीच कळत नाही. मी कागद वाचायला आलोय. तिला विचारा."

त्यांनी पहिला प्रश्न वाचला. भाचीने इंजिनावर तळहात ठेवला. गार होतं. कागदपत्रावरचा क्रमांक आणि सांगाड्यावर कोरलेला क्रमांक तिने एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठे नवा रंग दिसतो का बघितलं. एका ठिकाणी दिसला तेव्हा तिने सरळ विचारलं, "इथे काय झालंय?" मास्तर म्हणाले, "फाटकाला घासली होती, माझीच चूक." त्यांनी फाटकावरचा ओरखडाही दाखवला. भाचीने पिशवीतून सुताची दोरी काढली. दोन्हीकडे जागा सारखी निघाली. मग ती चालवून बघायला गेली आणि आली.

अकरा प्रश्न संपले. खाली वेगळ्या शाईत बारावा होता. उस्तादांनी तो मनातल्या मनात वाचला आणि थांबले.

"वाच ना मामा," भाची म्हणाली. "थांबलास का?"

त्यांनी वाचला. "सोबत आलेल्या माणसाला काय काय माहीत नाही, ते आधी त्याला विचारा."

"मग? सांग."

"इंजिनातलं मला काही कळत नाही," उस्ताद म्हणाले. "पण भरलेली जागा अंगठ्याला कळते. बघू का?"

"बघ."

त्यांनी हँडलखाली हात घातला. अंगठा मानेवरून सावकाश फिरला, वरून खाली आणि खालून वर. कुठेही थांबला नाही. तसं त्यांनी सांगितलं. त्यापलीकडे एक शब्दही बोलले नाहीत.

वाचकहो, जुनी गाडी घेताना काय बघावं, हे सांगणारे तुम्हाला पायलीचे पन्नास मिळतील. त्यांचं ऐका, पण आपला कागद खिशात ठेवू नका. नवखेपणाची लाज बाळगू नका, नवख्याचा प्रश्न बहुतेक वेळा बरोबरच असतो. आणि आपल्यापैकी ज्यांना चार लोक जाणकार म्हणतात, त्यांनी एवढंच करावं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं. 'मला माहीत नाही', तीन शब्दांचं काम आहे. ते उस्तादांना वेळेवर जमलं नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मनगटाने मोजली.

गाडी ठरली. उस्तादांनी कागदाची जुन्याच घड्यांवर घडी घातली आणि भाचीपुढे धरली. तिने तो बघितला, पण घेतला नाही.

"पुढच्या आठवड्यात यांच्या गाडीला लागेल," ती म्हणाली. "ठेव तुझ्या खिशात."